दहावीचं वाटणीपत्र

आज शाळेत दहावीचा निरोप समारंभ झाला. नववीच्या मुलांनी फळा सजवला, गुलाबाची फुलं दिली. आणि दहावीच्या मुलांनी रडव्या भाषणांऐवजी चक्क वाटणीपत्र वाचलं!

"आम्ही खाली सही करणारे, गणिताचा तास सोडून इतर वेळी पूर्ण शुद्धीत असून, लिहून देतो की..." खिडकीजवळचा शेवटचा बाक नववी 'ब'ला; अट एकच, तासाला डबा उघडला तर लोणचं झाकून ठेवायचं. पेन्सिल न धरणारं कर्कटक भूमितीप्रेमींना. "बीजगणिताचे ४० आणि भूमितीचे ४० गुण हे कर्ज वारसांनीच फेडायचं!" विज्ञानाच्या बाईंची नक्कल झाली तेव्हा बाईच सगळ्यांत जास्त हसल्या.

मला मनापासून आवडला तो वर्गात कधीच न बोलणारा एक मुलगा. तो "पाणी प्यायला जाऊ?" हे वाक्य धाकट्यांच्या नावे करून गेला आणि मग गंभीरपणे म्हणाला, "प्रयोगवही जूनपासून लिहा रे. जानेवारीत रात्र रात्र आकृत्या काढताना हात मोडतात." टाळ्या थांबेनात. दहावी म्हटलं की घरीदारी नुसता धाक. नववीच्या मुलांना ती आज पहिल्यांदाच हसत भेटली, याचं फार समाधान वाटतं.

पोरांनो, पेपरला अर्धा तास आधी पोचा, हॉलतिकीट आदल्या रात्रीच दप्तरात ठेवा. निकालानंतर पेढे घेऊन या, वाट बघतेय.