टेकडी लॉग: डेंगीनंतरचा सहावा आठवडा, स्प्रिंटनंतर चढणारी शुगर

मंडळी, आज शुगरचा ग्राफ एकदाचा हवा तसा आला म्हणून आल्या आल्या लिहायला बसलोय.

डेंगीत १२ दिवस अंथरुणात गेले ते मागे लिहिलंच होतं. नंतर वेताळ टेकडीचा नेहमीचा लूप त्याच पेसला मारला तर हार्ट रेट १३८ ऐवजी १५२, पण तो येतो खाली, त्याचं काही वाटलं नाही. झोप उडवली ती पोह्यांनी. वाटी तीच, मेटफॉर्मिन (माझी टाइप २ डायबिटीसची गोळी) तेवढंच, आणि शुगर आधी दीडशेच्या आसपास थांबायची ती थेट १९६! पडून राहिलं की स्नायू इन्सुलिनचं ऐकेनासे होतात हे वाचलेलं होतं, पण स्वतःच्या दंडावरच्या शुगर मोजणाऱ्या सेन्सरवर बघताना पोटात गोळा आला.

मग डॉक्टरांना विचारून चढावर स्प्रिंट सुरू केले, ४० सेकंदांचे ८, आणि तिथेच तीन आठवडे अडकलो. सुरू करताना ११८, संपल्यावर १७४, दर वेळी हेच. आधी सेन्सरवर संशय घेतला, तो तसाही रक्ताच्या ५-१० मिनिटं मागे असतो, म्हणून बोट टोचून पाहिलं तर १७९. म्हणजे खरंच चढत होती. कारण असं की जीव तोडून पळताना ॲड्रेनलिन वाढतं आणि लिव्हर इतकं ग्लुकोज सोडतं की स्नायूंना तेवढं ओढून घेता येत नाही. पण स्नायू आकुंचन पावतो तेव्हा ग्लुट-४ (ग्लुकोज पेशीत आत नेणारा वाहक) इन्सुलिनशिवायही पेशीच्या पडद्यावर येतो, हे मागचं दार टाइप २ मध्येही उघडं असतं. आणि मी काय करत होतो, तर शेवटचा स्प्रिंट झाला की बाकावर बसत होतो!

आज बसलो नाही, २० मिनिटं रमतगमत चाललो. अर्ध्या तासात १७४ वरून १२६. दोनदा रिफ्रेश करून बघितलं.

दुसरी चूक वेळापत्रकाची. एका सेशनचा इन्सुलिनवरचा परिणाम एक-दोन दिवस टिकतो आणि मी शनिवार-रविवार लागोपाठ पळून पाच दिवस खुर्चीत. आता मंगळ, गुरु, शनि.

घामाने सेन्सर निघत असेल तर महागडे पॅच घेऊ नका, मेडिकलमधली ताणली जाणारी स्पोर्ट्स टेप जास्त टिकते. आणि चढावर मनगटावरच्या घड्याळाचा हार्ट रेट धरू नका, छातीचा पट्टाच लावा.

पुढच्या आठवड्यात स्प्रिंट १० करणार होतो, पण लिहिता लिहिता वाटतंय नको, ८ च ठेवतो. व्यायामाचे संशोधक हॉलोझींनी १९६७ मध्ये उंदीर १२ आठवडे ट्रेडमिलवर पळवले तेव्हा कुठे त्यांच्या स्नायूंतली मायटोकॉन्ड्रियाची (पेशीतल्या ऊर्जाघरांची) एन्झाइम्स दुपटीच्या घरात गेली, माझा तर सहावाच आठवडा आहे. त्यापेक्षा बुधवारी पोहे खाऊन लगेच १५ मिनिटं चालतो, शुक्रवारी तेच पोहे खाऊन बसून राहतो, आणि दोन्ही ग्राफ शेजारी शेजारी टाकतो.