तुम्ही विचारलंत म्हणून: हाडांच्या त्या संप्रेरकाचे पुढे काय झाले?

व्याख्यान संपल्यावर चहाच्या टेबलापाशी, पाषाणला प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांकडून, आणि कोथरूडला नातेवाइकांकडच्या मुंजीच्या जेवणातसुद्धा मला एकच प्रश्न विचारला जातो. हाडांतून ऑस्टिओकॅल्सिन नावाचे प्रथिन रक्तात उतरते आणि ते वृषणांना टेस्टोस्टेरॉन तयार करायला लावते, असे तुम्ही इतकी वर्षे सांगत होतात. ते खरे की खोटे? विचारणाऱ्याला एका शब्दाचे उत्तर हवे असते. मी २०११ पासून सुरुवात केली की त्याचे लक्ष मठ्ठ्याकडे वळते. म्हणून हे उत्तर लिहून ठेवते आहे. यापुढे कोणी विचारले तर हेच पाठवीन.

मूळ प्रयोग विचारणाऱ्यांना ठाऊक असतो, त्यामुळे तो थोडक्यात आटोपते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील जेरार्ड कार्सेंटी यांच्या गटाने २०११ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात असे मांडले की ऑस्टिओकॅल्सिनची जनुके काढून टाकलेल्या नर उंदरांचे वृषण लहान राहतात, त्यांच्यात टेस्टोस्टेरॉन कमी असते आणि त्यांच्यापासून होणाऱ्या पिलांची संख्या घटते. माद्यांच्या बाबतीत तसे काही दिसत नाही. २०१३ मध्ये त्याच गटाने दोन पुरुष रुग्णांत या प्रथिनाच्या ग्राहीमधील, म्हणजे पेशीवर त्याचा संदेश टिपणाऱ्या रेणूमधील, बिघाड दाखवला. हे दोन निबंध हाताशी घेऊन मी पुण्यात मराठीतून व्याख्याने दिली आणि एका वृत्तपत्राच्या रविवार पुरवणीत लेख लिहिला.

मी भोळेपणाने या कल्पनेमागे गेले असे आता सुचवले जाते, ते मला मान्य नाही. माझे स्वतःचे काम लांब हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढपट्टीवर आहे. तिथल्या कूर्चापेशींनी कुठवर विभागत राहायचे आणि केव्हा फुगून हाडाला जागा करून द्यायची, हे ठरवताना ‘इंडियन हेजहॉग’ आणि ‘पीटीएचआरपी’ हे दोन संदेश एकमेकांना लगाम घालत असतात. १९९६ मध्ये ही साखळी उलगडली, आणि माझ्या पिढीने हाडांचा अभ्यास त्या साखळीपासूनच सुरू केला. जिथे प्रत्येक संदेशाला उलट संदेश आहे अशा उतीत आयुष्य घालवल्यावर, जननग्रंथी हाडांना आदेश देतात आणि हाडे मात्र निमूट ऐकतात, हे गृहीत धरणेच मला विचित्र वाटत असे.

शिवाय १९९४ मधला तो रुग्ण आमच्या डोळ्यांसमोर होता. वय २८, उंची २०४ सेंटिमीटर, आणि उंची वाढायची थांबलेली नव्हती. टेस्टोस्टेरॉन पुरेसे होते. निकामी होता तो इस्ट्रोजेनचा ग्राही. वाढपट्ट्या मिटल्या नव्हत्या, क्ष-किरण चित्रावरून हाडांचे वय पंधरा वर्षांचे भरत होते आणि हाडे विरळ झाली होती. पुरुषांची हाडे टेस्टोस्टेरॉनवर पोसतात आणि इस्ट्रोजेन हा बायकांचा मामला, असे आम्ही सगळे शिकलो होतो. एका माणसाने ते शिक्षण मोडीत काढले. ज्या शास्त्रात हे घडून गेले होते, त्यात २०११ चा निबंध वाचून ‘हे अशक्य आहे’ म्हणणे हा सावधपणा ठरला नसता, तो आळस ठरला असता.

आणि एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. कल्पना मला आवडलीही होती. हाडे धडधाकट असतील तरच शरीराने प्रजननाच्या खर्चात पडावे, म्हणून हाडेच जननग्रंथींना हिरवा कंदील दाखवतात, हे वाक्य मी व्याख्यानात उच्चारले की सभागृहात हमखास कुजबुज उठत असे, आणि मी त्या कुजबुजीसाठी क्षणभर थांबत असे.

२०१६ च्या हिवाळ्यात सदाशिव पेठेतल्या एका सभागृहात असे व्याख्यान झाल्यावर एक जोडपे थांबून राहिले. गर्दी ओसरल्यावर ते पुढे आले. गृहस्थांचा भोसरीला छोटा वर्कशॉप होता, जॉबवर्क करत असत. बाई शाळेत शिक्षिका होत्या. त्यांनी प्लॅस्टिकची फाइल उघडली. वीर्यतपासणीचे अहवाल, रक्ततपासण्या, आणि सर्वांत वर माझा पुरवणीतला लेख, लाल शाईने जागोजागी अधोरेखित केलेला. गृहस्थ उत्साहात होते. माझा लेख वाचल्यापासून त्यांनी डॉक्टरांकडे जाणे थांबवले होते, कारण तिथे खर्च फार आणि बोलणे तुटक. त्याऐवजी हाडांवर भार पडावा म्हणून ते रोज पहाटे पर्वतीच्या पायऱ्या धावत चढत होते आणि औषधांच्या दुकानातून के-२ जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणून घेत होते. “मॅडम, आणखी किती महिने घेऊ?” त्यांनी विचारले.

मी लेख हातात घेतला. ‘हे सर्व प्रयोग उंदरांवर झालेले आहेत आणि त्यांवरून माणसांच्या उपचारांबाबत आज काहीही सांगता येत नाही’ असे वाक्य मी त्यात जाणीवपूर्वक घातले होते. संपादकांनी ते कापू नये म्हणून त्यांच्याशी वादही घातला होता. त्या परिच्छेदातल्या जवळजवळ प्रत्येक ओळीखाली लाल रेघ होती. त्या एका वाक्याखाली नव्हती.

मग मी जे केले ते शिक्षिकेच्या सवयीने केले: समजावून सांगायला लागले. ऑस्टिओकॅल्सिनच्या रेणूवर तीन ठिकाणी के जीवनसत्त्वाच्या मदतीने एक रासायनिक गट जोडला जातो आणि त्यामुळे ते प्रथिन हाडांतल्या खनिजाला घट्ट धरून बसते; न्यूयॉर्कच्या गटाच्या मते संप्रेरकाचे काम करते ते मात्र असा गट कमी असलेले, सुटून रक्तात आलेले रूप. म्हणजे माझा लेख अक्षरशः खरा मानला तरी ती गोळी उलट्या दिशेची होती. हे ऐकताना त्यांचा चेहरा बदलत गेला आणि मी तरीही थांबले नाही, कारण रसायनशास्त्र बरोबर होते.

बाई तोपर्यंत एक अक्षर बोलल्या नव्हत्या. त्यांनी फाइल माझ्या हातातून परत घेतली आणि शांतपणे विचारले, “यात माणूस कुठे आहे, मॅडम?” मी २०१३ च्या निबंधातले ते दोन पुरुष सांगितले. “दोन,” त्या म्हणाल्या. मग नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या की आपली पस्तिशी उलटून गेली आहे आणि पायऱ्या चढण्यात गेलेला काळ कोणत्याच निबंधात मोजलेला नसेल. मी त्यांना संप्रेरकतज्ज्ञाकडे परत जा असे कळवळून सांगितले, टेस्टोस्टेरॉन कमी का आहे याची कारणे वृषणांत आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीत शोधायची असतात आणि त्यांची तपासणी होऊ शकते, हेही सांगितले. ते दोघे गेले. पुढे त्यांचे काय झाले ते मला कळले नाही, आणि कळवावे असे त्यांना वाटण्याचे काही कारणही नव्हते.

या प्रसंगाबद्दल मी स्वतःशी पुष्कळ भांडले आहे. लेखात चुकीचे एकही विधान नव्हते, पर्वतीवर धावणे प्रकृतीला बरेच असते, आणि उपचार मी बंद करायला सांगितले नव्हते. हे सगळे खरे आहे आणि आजही मी ते कोणापुढेही सांगेन. पण सावधगिरीचे वाक्य एक आणि हिरव्या कंदिलाची वाक्ये वीस, असा लेख वाचून माणूस काय घेऊन उठेल हे मला ठाऊक नव्हते, असे म्हणण्याची सोय मला नाही.

त्यानंतर मे २०२० आला. पुणे बंद होते. प्रयोगशाळेत प्रवेश होता तो प्राणिगृहातल्या उंदरांना खाणेपिणे देण्यापुरता. त्या दिवसांत ‘प्लॉस जेनेटिक्स’मध्ये एकाच वेळी दोन निबंध आले, एक अमेरिकेतील दुसऱ्या एका गटाचा आणि एक जपानमधील नागासाकीच्या गटाचा. दोघांनी स्वतंत्रपणे ऑस्टिओकॅल्सिनची जनुके काढलेले उंदीर तयार केले होते. दोन्हीकडे टेस्टोस्टेरॉन ठीक. अमेरिकेतल्या नरांना पिलेही नेहमीसारखीच होत होती. नागासाकीच्या गटाला दोष सापडला तो हाडातच: कोलाजेनच्या तंतूंना समांतर रचले जाणारे खनिजाचे स्फटिक वाकडेतिकडे बसले होते. म्हणजे ज्या प्रथिनाला आम्ही दूरवर निरोप धाडणारे मानले होते, ते घरच्या घरी विटा ओळीत लावण्याचे काम करत असावे.

इथे बहुतेक विचारणारे समाधानाने मान हलवतात, म्हणजे ‘खोटे’ हे उत्तर त्यांना मिळाले. तसे ते मिळालेले नाही. न्यूयॉर्कच्या गटाने आपला दावा सोडलेला नाही. उंदरांत ही जनुके एका ओळीत तीन असतात, माणसात एकच असते. ती कापताना शेजारच्या जनुकांना कोणता धक्का लागतो, उंदरांचा वंश कोणता, त्यांचे खाद्य कोणते, यांवर निकाल बदलू शकतो. नकारात्मक निकालालाही तेच नियम लागू होतात. दुसरीकडे काही विद्यार्थी आता ‘हाडे संप्रेरके स्रवतातच कुठे’ इथपर्यंत जाऊन पोहोचले आहेत, आणि तेही चूक आहे. हाडांतल्या पेशी एफजीएफ-२३ नावाचे संप्रेरक स्रवतात आणि ते मूत्रपिंडांना फॉस्फेट बाहेर टाकायला लावते. त्याचे जनुक आनुवंशिक मुडदुसाशी २००० मध्ये जोडले गेले आणि त्याला अडवणारे औषध २०१८ पासून वापरात आहे. हाड बोलते. वृषणांशी बोलते का, हा वेगळा प्रश्न आहे.

२०१२ मधली मी आजच्या मला विचारते की दोन निबंध आले म्हणून तू इतकी लगेच गप्प का झालीस; तुझ्याजवळ तर उलटा पुरावाही नाही. मी तिला म्हणते की टेस्टोस्टेरॉनचा भाग मी आता वर्गात वाद म्हणून शिकवते, वस्तुस्थिती म्हणून नाही, आणि याला गप्प होणे म्हणत नाहीत. ती म्हणते, मग पुरवणीत तसा लेख का नाही लिहिलास? यावर माझ्याजवळ उत्तर आहे, पण ते तिला पटत नाही: ‘अजून ठरलेले नाही’ या मथळ्याचा लेख मी दोन ठिकाणी पाठवला होता आणि दोन्हीकडून मला काहीतरी ठाम लिहा असे सुचवण्यात आले. ती विचारते की तिसरीकडे का नाही पाठवलास.

हा वाद मिटवण्याचा मार्ग अवघड नाही. न्यूयॉर्कचे, अमेरिकेतल्या दुसऱ्या गटाचे आणि नागासाकीचे असे तिन्ही वंशांचे उंदीर एकाच प्राणिगृहात, एकाच खाद्यावर, काही पिढ्या शेजारीशेजारी वाढवायचे, आणि कोणता पिंजरा कोणाचा हे मोजणाऱ्याला कळू द्यायचे नाही. असा प्रस्ताव मी लिहिला आहे. निवड समितीपुढे तो गेला तेव्हा पहिला प्रश्न आला की यात नवीन काय आहे, आणि दुसरा, की तुमचा स्वतःचा कल कोणत्या बाजूला आहे. दुसऱ्या प्रश्नाला मी सांगितले की ते कळले असते तर उंदीर मागायला आले नसते. प्रस्ताव नामंजूर झाला. या वर्षी पुन्हा पाठवते आहे.