अर्धं पदक आणि आर्नोकाठची छत्री

फ्लॉरेन्स, गुरुवार, रात्रीचे साडेदहा

धाकटा मोजे न काढताच झोपला. मीच काढले आणि तळव्यांना खोबरेल चोळलं. सहा वर्षांची पावलं आज किती चालली, ते आठवलं आणि पोटात कालवलं. थोरली अजून दिव्याखाली बसून आहे. सगळं डोळ्यांसमोर आहे तोवर मीही लिहून ठेवते.

सकाळी दुओमोच्या, म्हणजे इथल्या मुख्य चर्चच्या, घुमटावर चढायचं होतं. ४६३ पायऱ्या, लिफ्ट नाही, आणि वेळ आधी राखून ठेवावी लागते. आजची वेळ आम्हाला मिळालीच नाही. ह्यांना फार लागलं. ते सिव्हिलवाले, या घुमटासाठी कॉलेजपासून जीव टाकतात. मग चौकातच मुलांना उभं करून, बोटांत बोटं अडकवून त्यांनी दाखवलं की खालून लाकडी आधार न देता ब्रुनेलेस्की या वास्तुकारानं विटा एकमेकींत कशा गुंतवत नेल्या, आणि १४२० ते १४३६ अशी सोळा वर्षं ते काम कसं चाललं. मुलं ऐकत होती, पण खरी रमली ती मागच्या बाजूला. तिथं फरशीत एक पांढरा गोल दगड बसवलाय. घुमटाच्या टोकावरचा सोनेरी गोळा चारशे वर्षांपूर्वी वीज पडून कोसळला, तो इथं. धाकटा त्या दगडावर उभा राहून बराच वेळ वर बघत राहिला.

तिथून चालत इनोचेंतीला गेलो. टाकलेल्या मुलांसाठी बांधलेला हा आश्रम. शहरातल्या रेशीम व्यापाऱ्यांच्या संघानं १४१९ मध्ये त्याचं बांधकाम सुरू केलं, आणि आराखडा पुन्हा त्याच ब्रुनेलेस्कीचा. नऊ कमानींची लांब ओसरी आणि कमानींच्या मधल्या जागेत निळ्या गोलांत पांढरी बाळं, आंद्रेआ देल्ला रॉब्बिया या शिल्पकारानं घडवलेली. प्रत्येक बाळ घट्ट गुंडाळलेलं, पण सारखं एकही नाही. एकाची पट्टी सुटत चाललीय. धाकट्यानं ते बरोबर हेरलं. "आई, ह्यानं दुपटं काढलंय बघ, माझ्यासारखं!" मी त्याला सांगितलं होतं की तान्हा असताना तो रोज पहाटे दुपट्यातून पाय बाहेर काढायचा. ते त्यानं लक्षात ठेवलंय, हे मला आज कळलं.

पहिलं बाळ इथं आलं ते ५ फेब्रुवारी १४४५ ला. मुलगी होती. तिचं नाव ठेवलं आगाता झ्मेराल्दा. पुढं बाळ ठेवण्यासाठी एक जाळीची खिडकी केली. गजांमधलं अंतर एवढंच की त्यातून फक्त तान्हं बाळ आत जावं, मोठं मूल जाऊ नये. १८७५ मध्ये ती बंद झाली. ओसरीच्या टोकाला ती खिडकी आजही दिसते. थोरलीनं गजांमधलं अंतर आपल्या हातानं मापून बघितलं आणि हात पटकन मागं घेतला.

आत संग्रहालयात एका भिंतीला छोटे छोटे खण आहेत. शंभरावर असतील. प्रत्येकावर एका मुलाचं नाव. खण हळूच ओढला की आत, काचेखाली, बाळाबरोबर ठेवलेली खूण. मणी. क्रूस. कापडाचा तुकडा. आणि पुष्कळ खणांत अर्धं पदक, मधोमध कापलेलं. एक अर्धं बाळाच्या गळ्यात, दुसरं ज्यानं ठेवलं त्याच्याकडं. कधी दिवस पालटले आणि परत न्यायला आलं, तर दोन्ही अर्धी जुळवून बघायची.

मी तीन खण उघडले आणि थांबले. मुलं थांबली नाहीत. एक उघडायचा, नाव लावून लावून वाचायचं, बघायचं, पुन्हा लावायचा. दोघंही एवढ्या हलक्या हातानं करत होती की जणू आत कुणी झोपलंय. घरी कपाटाचा खण आपटल्याशिवाय लागत नाही आमच्याकडं.

"आई, टाकून दिलं होतं गं ह्यांना?" थोरली दहा वर्षांची आहे, तिला गोल गोल उत्तर चालत नाही. मी म्हटलं, "टाकून द्यायचं असतं तर खूण कशाला ठेवली असती?" ती विचार करून म्हणाली, "सावित्रीबाईंचं पण असं घर होतं ना पुण्यात?" होतं. १८६३ चं, बालहत्या प्रतिबंधक गृह. ज्या बाईला कुठंच थारा नाही तिनं तिथं येऊन बाळंत व्हावं, बाळ ठेवून जावं किंवा घेऊन जावं. अशाच एका आईचा यशवंत जोतिराव-सावित्रीबाईंनी दत्तक घेतला. शाळेच्या पुस्तकातलं वाक्य तिनं इथं, या भिंतीपुढं, स्वतःहून जोडलं. मला भरून आलं.

वर घिरलांदायो या जुन्या चित्रकाराचं मोठं चित्र आहे. त्याच्यापुढं पाचच मिनिटं उभे राहिलो, मुलांचे पाय थकले होते. गच्चीवर आता कॅफे आहे. पूर्वी इथं मुलांचे धुतलेले कपडे वाळत घालायचे म्हणे. शेकडो बाळांची बाळोती त्या उन्हात! फ्लॉरेन्सला मुलांना घेऊन येणाऱ्यानं उफिझीच्या प्रसिद्ध चित्रसंग्रहालयाआधी इथं यावं, असं मला मनापासून वाटतं.

आणि संध्याकाळ मात्र आमची, कोल्हापूरकरांची. ट्रामनं काशीने बागेपर्यंत गेलो. पुढं नदीकाठानं झाडांखालून अडीच-तीन किलोमीटर चालायचं. धाकटा अर्ध्या वाटेत बसला, ह्यांच्या खांद्यावर गेला, पुन्हा उतरला. बाकावर बसून भडंग खाल्ला. बागेच्या पार टोकाला मुन्योने नावाची लहान नदी आर्नोला मिळते. तिथं आपल्याकडच्यासारखी स्मारकाची छत्री आहे. आत रंगीत अर्धपुतळा, डोक्याला पगडी, गळ्यात दागिने. आपल्या कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज.

लांबून छत्री दिसताच धाकटा ओरडला, "पंचगंगेवरच्यासारखी!" मग जवळ जाऊन त्यानं, कुणी न सांगता, बूट काढले.

सोळाव्या वर्षी दत्तक होऊन गादीवर आले, १८६६ मध्ये. चार वर्षांनी इंग्लंडचा दौरा केला आणि परतताना आजारी पडून ३० नोव्हेंबर १८७० ला याच शहरात गेले. विसाव्या वर्षी. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी. इथं दहन म्हणजे कुणी न पाहिलेली गोष्ट, तरी नगरपालिकेनं खास परवानगी दिली आणि या संगमावर रात्री अग्नी दिला. संगमच का, हे मुलांना सांगावं लागलं नाही. कोल्हापूरजवळच्या संगमावर, प्रयाग चिखलीला, दोघंही आजोबांबरोबर गेलेली आहेत. १८७४ मध्ये ही छत्री उभी राहिली. आराखडा मेजर मँटचा, ज्यानं पुढं आपला नवीन राजवाडा बांधला. शेजारून मोटारींचा मोठा पूल जातो, त्याचं नाव इंडियानो. हजारो माणसं रोज ते नाव घेत घरी जातात.

थोरलीनं गवतातली पांढरी फुलं वेचून चौथऱ्यापाशी ठेवली. मग विचारलं, "ह्यांच्याबरोबर घरचं कुणी होतं?" मी सांगितलं, लवाजमा होता, नोकरचाकर होते. "तसं नाही. आई-बाबा?" पुलावरच्या गाड्यांचा आवाज येत राहिला. दुपारी जे खण उघडले त्यातलं एकही नाव मला तेव्हा आठवेना, पण ती अर्धी पदकं मात्र एकामागून एक डोळ्यांपुढून गेली.

परतीच्या ट्राममध्ये ह्यांनी तिला सांगितलं की महाराज त्या प्रवासात रोज रोजनिशी लिहायचे, आणि ती ते गेल्यावर १८७२ मध्ये छापली गेली. त्यावर ती काही बोलली नाही. खोलीवर आल्या आल्या तिनं माझ्या वहीतली दहा पानं मागून घेतली.

आत्ता पाण्याला उठले तर ती पानं उघडी टाकून झोपलेली. वर तारीख, खाली रेघ, आणि दोनच ओळी.

"आज आम्ही महाराजांना भेटून आलो. ते बाबांपेक्षा खूप लहान आहेत."