इनडिझाइनच्या स्क्रिप्टला समोर दिसणारं नाव का सापडत नाही

इनडिझाइन या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये शैलीचं (स्टाइलचं) नाव पॅनेलमध्ये ढळढळीत दिसतंय, स्क्रिप्टमध्येही तेच लिहिलंय, तरी सापडत नाही. अशा वेळी बरेचजण दिसेल त्या कंसाआधी आणि टिंबाआधी बॅकस्लॅश (पुढच्या चिन्हाचा खास अर्थ काढून टाकणारी \ ही खूण) ठोकत सुटतात. काही ठिकाणी तो हवाच, पण काही ठिकाणी त्यानेच घोटाळा होतो.

आयटमबायनेम ही पद्धत नाव जसंच्या तसं घेते. कंस, टिंब, अधिकचिन्ह यांना तिथे काही खास अर्थ नाही. ‘दर (किरकोळ)’ ही शैली हवी तर तेवढंच द्या. बॅकस्लॅश घातलात तर तो नावाचाच भाग समजला जाईल. दुसरं म्हणजे नाव नसलं तरी ही पद्धत एक ऑब्जेक्ट परत देतेच, त्यामुळे ‘इझव्हॅलिड’ (ते ऑब्जेक्ट खरंच आहे का, हे सांगणारा गुणधर्म) तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि शैली एखाद्या फोल्डरात असेल तर डॉक्युमेंटच्या पॅराग्राफस्टाइल्समध्ये ती मिळत नाही. ऑलपॅराग्राफस्टाइल्सवर लूप फिरवून प्रत्येक नाव सरळ बरोबरीने ताडून बघा. माझ्या मते नावं शोधण्याच्या बहुतेक कामांना रेग्युलर एक्स्प्रेशनची (खास चिन्हं वापरून लिहिलेल्या शोध-नमुन्याची) गरजच नसते.

गरज पडते ती मजकुरातलं नाव शोधताना, आणि तिथे नियम दोन प्रकारचे. साध्या टेक्स्ट शोधात खास चिन्ह म्हणजे टोपी, ^. खरी टोपी शोधायची तर ती दोनदा लिहायची: ^^. ग्रेप शोधात (म्हणजे इनडिझाइनमधल्या रेग्युलर एक्स्प्रेशनच्या शोधात) मात्र \ . * + ? ^ $ | आणि तिन्ही प्रकारचे कंस, या सगळ्यांआधी बॅकस्लॅश लागतो. नेटवरून उचललेलं जावास्क्रिप्टचं फंक्शन एवढं करतं, पण इनडिझाइनचं ~ त्यात नसतं. इथल्या ग्रेपमध्ये ~ हे खास चिन्हांचं उपसर्गचिन्ह आहे (~= म्हणजे एन डॅश, ~S म्हणजे न तुटणारी स्पेस, वगैरे), म्हणून यादीत ते स्वतःहून घाला. स्ट्रिंगमध्ये थेट लिहिताना प्रत्येक बॅकस्लॅश दोनदा लिहायचा, हे वेगळं सांगायला नको.

काहीच न सापडणं परवडलं, चुकीचं सापडणं जास्त महागात पडतं. ‘१.५ सेंमी’मधलं टिंब तसंच ठेवलं तर ‘१२५ सेंमी’सुद्धा जुळतं. ‘दर (किरकोळ)’ तसंच दिलं तर कंस नुसता गट बनवतात आणि ‘दर किरकोळ’ सापडतं. एरर येत नाही, आणि बदल थेट छापखान्यात जातो.

आता मराठीचं. एक्स्टेंडस्क्रिप्ट, म्हणजे या स्क्रिप्टची भाषा, जुन्या जावास्क्रिप्टवर उभी आहे. तिच्यात ‘नॉर्मलाइझ’ (समतुल्य अक्षररूपं एकसारखी करणारं) नाही, ‘ट्रिम’सुद्धा (टोकांच्या स्पेस काढणारं) नाही. शब्दाची सीमा दाखवणारी खूण फक्त रोमन अक्षरं, अंक आणि अंडरस्कोर ओळखते, म्हणून देवनागरी शब्दाच्या दोन्ही बाजूंना ती लावली की काही जुळत नाही. अंकाची खूणही १, २, ३ ओळखत नाही. त्यासाठी ०९६६ ते ०९६एफ हा युनिकोडमधला (प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या व्यवस्थेतला) पट्टा स्वतः द्यावा लागतो.

सर्वात जास्त डोकं खातो तो ‘ऱ्य’. ‘कोपऱ्यातली चौकट’ या नावात तो तीन प्रकारे टाइप झालेला असू शकतो: ०९३१ + हलन्त + य, किंवा ०९३० + नुक्ता + हलन्त + य, किंवा ०९३० + हलन्त + अदृश्य जोडणी (२००डी) + य. पडद्यावर तिन्ही सारखेच. पहिले दोन युनिकोडच्या दृष्टीने समतुल्य आहेत, तिसरा नाही. म्हणजे नवीन जावास्क्रिप्टचं ‘नॉर्मलाइझ’ हाताशी असतं तरी तिसरा प्रकार निसटला असता. म्हणून तुलनेपुरती एक किल्ली तयार करा: दुसरा आणि तिसरा प्रकार पहिल्यात बदला, ००ए० ही न तुटणारी स्पेस साधी करा, २००बी आणि एफईएफएफ ही अदृश्य अक्षरं काढून टाका, सलग स्पेस एक करा, दोन्ही टोकांच्या उडवा. दोन्ही नावांच्या किल्ल्या ताडा, मूळ नावाला हात लावू नका.

क्रम सांभाळा. ‘अदृश्य अक्षरं सगळी उडवा’ असं आधीच केलंत तर तिसऱ्या प्रकारच्या ‘आचाऱ्यांची यादी’मधली जोडणी जाते, रफार येतो, आणि स्वयंपाक्यांची यादी ‘आचार्यांची यादी’ होऊन बसते.

शंका आली की अंदाज बांधत बसू नका. चारकोडॅट लावून नावातलं एकेक अक्षर सोळा-आधारी आकड्यात छापा. दोन ओळी शेजारी ठेवल्या की फरक लगेच दिसतो. दोन्ही हुबेहूब निघाल्या तर संशय स्क्रिप्टच्या फाइलवर घ्या: ती यूटीएफ-८ मध्ये बीओएमसह (फाइलच्या सुरुवातीला एन्कोडिंग सांगणाऱ्या खुणेसह) जतन करा, नाहीतर देवनागरी अक्षरं बॅकस्लॅश-यू रूपात लिहा.

चित्रांच्या लिंक ताडताना आणखी एक गंमत. लिंकचं ‘नेम’ साधं असतं, पण फाइल ऑब्जेक्टचं ‘नेम’ यूआरआय (वेब-पत्त्यासारख्या) रूपात येतं: स्पेसचं %२० होतं, आणि एका देवनागरी अक्षराचे तीन बाइट, म्हणजे टक्क्याच्या चिन्हांसकट नऊ अक्षरं. डीकोडयूआरआयमधून काढल्याशिवाय दोन्ही जुळणार नाहीत.

इलस्ट्रेटरमध्ये हीच स्क्रिप्ट न्यायची असेल तर तिथली गेटबायनेम नाव नसलं की सरळ एरर फेकते, तेव्हा ट्राय-कॅच (एरर पकडणारी रचना) घाला. लेयर पॅनेलमध्ये टोकदार कंसात दिसणारं ‘पाथ’ किंवा ‘ग्रुप’ हे नाव नव्हेच. स्क्रिप्टला तिथे रिकामी स्ट्रिंग मिळते.