ऑपरेशनच्या दिवशी जोर-बैठका बंद

मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मायक्रोस्कोप लावला की पेशंटच्या डोळ्याबरोबर आपल्या हातातली हत्यारंही मोठी दिसतात. शिकाऊ होतो तेव्हा मला त्यात सगळ्यात आधी दिसलं ते माझ्याच फोर्सेप्सचं, म्हणजे बारीक चिमट्याचं, थरथरणारं टोक. पडद्यावर तेच सगळा स्टाफ बघत होता. भिंगाच्या पुढच्या आवरणाला साधारण ५ मिलीमीटरचं गोल छिद्र पाडायचं असतं. माझं कडेला पळालं. सरांनी मला उठवलं आणि पुढचं ऑपरेशन स्वतः केलं.

कंपवात झाला की काय, ही भीती घेऊन फिजिशियन मित्राकडे गेलो. त्याने हात पुढे धरायला लावले, बोट नाकाला लावून घेतलं आणि हसला. हात सगळ्यांचाच हलतो, सेकंदाला साधारण ८ ते १२ वेळा, एरवी जाणवत नाही. "सकाळी उठून काय करतोस?"

पहाटे तालमीत जोर-बैठका, मग दोन कडक चहा, उपाशीपोटी थेट ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटर. झोप जेमतेम चार तास. हे मी जरा ऐटीतच सांगितलं. त्याने कपाळावर हात मारला. दमवलेले स्नायू, चहा, जागरण, रिकामं पोट, सगळी थरथर वाढवणारीच मंडळी! काही सर्जन थरथर कमी करायला प्रोप्रॅनोलॉलची गोळी घेतात, पण दम्यात ती चालत नाही आणि मला लहानपणापासून दमा, त्यामुळे तो विषय तिथेच मिटला. उलट दम्याच्या पंपानेही हात थरथरतो आणि मी तो ओटीत शिरण्याआधी न चुकता ओढायचो, गरज असो वा नसो.

तालीम संध्याकाळवर गेली. ऑपरेशनच्या सकाळी दोन चपात्या, चहा नंतर. फरक पडला, पण निम्माच.

उरलेला निम्मा बकऱ्याच्या डोळ्यांवर शिकलो. मटणवाला विचारायचा, "डॉक्टर, डोळ्यांचा पांढरा रस्सा करताय काय?" सर शेजारी उभे राहायचे. "खांदं कानाला लागल्यात बघ. खाली सोड. आणि हात हवेत कशाला धरलायस लेका, टेकव की!" खुर्ची वर-खाली करण्यातच पहिला आठवडा गेला. कोपर अंगाजवळ, मनगट आणि करंगळी टेकलेली, हत्यार पेनासारखं सैल. घट्ट धरलं की टोक जास्त नाचतं, आणि मी तर भीतीने ते आवळूनच धरत होतो. श्वासही रोखायचो. थरथर आजही आहे. हात टेकला की ती टोकापर्यंत फारशी पोहोचत नाही, एवढंच.

तीनेक महिन्यांनी पुन्हा टेबलावर बसलो. करवीर तालुक्यातल्या एक आजी होत्या, फक्त थेंबांची भूल, पूर्ण जाग्या.

"डोक्यावर कायतरी टेकलंय."

"माझा हात आहे आजी. भार होतोय का?"

"न्हाई, ऱ्हाऊ दे की."