तुम्ही विचारलंत म्हणून: स्वारोवस्की, झाईस की लायका?

थंडीत आपल्या सातारा जिल्ह्यातल्या येरळवाडीच्या तलावावर पक्षी बघत उभी असले की कुणीतरी माझ्या गळ्यातली झाईसची दुर्बीण बघतं आणि विचारतंच, मॅडम, दोन लाखांच्या वरच्या दुर्बिणीत असं काय दिसतं जे आमच्या पंधरा हजाराच्यात दिसत नाही, आणि घ्यायचीच झाली तर स्वारोवस्की, झाईस, लायका यातली कुठली? गेल्या रविवारी परत तिघांनी विचारलं, वाऱ्यात धड बोलणं झालं नाही, म्हणून सगळं इथं सविस्तर लिहिते.

आधी पहिलं. सकाळी दहाच्या उन्हात पाण्यावरचे पट्टकादंब दोन्ही दुर्बिणींतून ओळखू येतात, डोक्यावरचे ते दोन काळे पट्टे कुठल्याही बऱ्या काचेतून दिसतात. फरक कळतो तो पावसाळ्यात यवतेश्वरच्या घाटात, धुकं आणि झाडी, उजेड जेमतेम, आणि शीळकरी कस्तूर ओढ्याकाठच्या दगडावर बसून शीळ घालतोय. माझ्या जुन्या दुर्बिणीतून तो निव्वळ काळा पक्षी होता, कित्येक वर्षं मी त्याला काळाच बघितला. झाईसमधून पहिल्यांदा त्याच्या कपाळावरचा आणि खांद्यावरचा चमकदार निळा रंग दिसला तेव्हा मी दुर्बीण खालीच घेतली नाही, हात भरून आले तरी. चांगल्या दुर्बिणीत आत शिरलेल्या उजेडातला नव्वद टक्क्यांच्या आसपास उजेड डोळ्यापर्यंत पोचतो आणि पक्ष्याच्या कडेला जांभळी-हिरवी किनार जवळजवळ येत नाही, पैसे जातात ते यासाठी. चाळकेवाडीच्या पठारावर पांढऱ्या आभाळात भोवत्या या शिकारी पक्ष्याची मादी फिरत असते, ती फिकट भोवत्याची की माँटेग्यूच्या भोवत्याची हे मानेवरच्या फिक्या पट्ट्यावरून ठरवायचं असतं, तिथं ती किनार आली की संपलं.

आता तिन्ही कंपन्यांचं. २०२२ च्या जानेवारीत पुण्याहून ओळखीचे लोक आले होते, त्यांच्याकडे तिन्ही होत्या, स्वारोवस्कीची एनएल प्युअर, झाईसची व्हिक्टरी एसएफ आणि लायकाची नॉक्टिव्हिड. दोन दिवस आम्ही त्या आलटून पालटून गळ्यात घातल्या. एनएल डोळ्याला लावल्यावर पहिल्यांदा जाणवतो तो रुंदपणा, ८×४२ मध्ये (म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, पुढची काच ४२ मिलिमीटरची) १००० मीटरवर १५९ मीटरचा पट्टा एका नजरेत येतो, एसएफमध्ये १४८, नॉक्टिव्हिडमध्ये १३५. नुसत्या आकड्यावर मात्र जाऊ नका, मधल्या किमतीच्या दुर्बिणीतसुद्धा १४५ मीटर मिळतात पण कडेला चित्र मऊ पडतं, एनएल आणि एसएफमध्ये कडेचं बदकसुद्धा बऱ्यापैकी रेखीव राहतं. लायकाचा पट्टा अरुंद, पण रंग असे काही भरलेले की संध्याकाळच्या उन्हात चक्रवाकाचा तो नारिंगी-बदामी रंग मला तिच्यातूनच सगळ्यात आवडला, हे मी आजही सांगते.

मग घेतली एसएफ का, तर माझ्या हातांमुळे. तिन्हींचं वजन ८०० ग्रॅमच्या आसपासच आहे, पण एसएफचा भार डोळ्याच्या बाजूला येतो, पुढे ओढल्यासारखं होत नाही, आणि माझा उजवा खांदा दुखरा आहे. एनएलची नळी मधे बारीक आहे, ज्यांची बोटं लांब आहेत त्यांना ती पकड फार छान बसते, मला नाही बसली. दुसरं कारण कासचं फुलांचं पठार. एसएफ दीड मीटरवर फोकस होते, बाकीच्या दोन साधारण दोन मीटरवर, म्हणजे सप्टेंबरात पठारावर वाटेवरच उभं राहून, एकही झाड न तुडवता, पायापुढच्या दवबिंदू नावाच्या कीटकभक्षी रोपाच्या पानावरचे चिकट थेंब मोजता येतात. ज्यांना फक्त पक्षीच बघायचेत त्यांना याचं काही विशेष नाही.

आठ की दहा, यावर मी आठच म्हणेन. दहाने पक्षी मोठा दिसतो तसा हातांचा कंपही मोठा दिसतो, शिवाय ८×४२ मधून डोळ्यात येणारा उजेडाचा गोल ५.२५ मिलिमीटरचा आणि १०×४२ मधून ४.२ चा, पहाटे-संध्याकाळी हे जाणवतं. फक्त तलावावर लांबलांबचे चिखलपक्षी बघणाऱ्यांनी दहा घ्यावी, आणि तेव्हा मात्र मी एनएलच घ्या म्हणेन, कारण तिच्या दहाचा पट्टा १३३ मीटर आहे, जवळजवळ लायकाच्या आठाएवढा.

चष्मा असेल तर तो काढून दुर्बीण बघायची नाही. रोजचा चष्मा घाला, आयकप, म्हणजे डोळ्याकडची फिरती कडा, पूर्ण आत करा आणि बघा की गोल पुरा दिसतो का काळ्या सावल्या येतात. तिन्हींत काचेपासून डोळा १८-१९ मिलिमीटर लांब ठेवता येतो म्हणून बहुतेकांना चालतं, तरी प्रत्येकाचं नाक वेगळं, डोळ्यांची खोबण वेगळी, त्यामुळे दुसऱ्याच्या सांगण्यावर, अगदी माझ्यासुद्धा, एवढे पैसे टाकू नका. आणि घेतल्यावर पावसाळ्यात भिजून आलात की ओली दुर्बीण पेटीत कोंडू नका, पुसून पंख्याखाली ठेवा, मग सिलिका जेलच्या डब्यात. आपल्या पश्चिमेकडच्या हवेत काचेला बुरशी धरायला वेळ लागत नाही.

माझी मी रिटायर झाल्यावर फंडाच्या पैशातून घेतली. जाऊबाई म्हणाल्या, एवढ्यात चार तोळं सोनं आलं असतं, आणि त्यांचं खरंच होतं, पण मी तीस वर्षं वाट बघितली होती. गेल्या रविवारी विचारणाऱ्या तिघांतला एक वडूजचा कॉलेजचा पोरगा, हप्त्यावर घेऊ का म्हणाला. त्याला स्पष्ट सांगितलं, बाळा, आता नको. मधल्या किमतीची, एखाद्या खात्रीच्या कंपनीची ८×४२ घे, उरलेल्या पैशात दोन हिवाळे एसटीनं मायणी, चाळकेवाडी, बामणोली फिर. आणि येत्या रविवारी साडेपाचला बांधावर ये, भोरड्यांचे थवे उसात उतरायच्या वेळी माझी झाईस अर्धा तास तुझ्याच गळ्यात राहील.