लांडग्याला औषध कुणी पाजायचं?

"मेंढरांना आम्ही पाजतो. लांडग्याला जंताचं औषध कुणी पाजायचं, ताई?"

सासवडच्या माळावर एका धनगरमामांनी आज विचारलं. समोर लांडग्याची वाळलेली विष्ठा पडली होती, तिच्यात मेंढीची लोकर लांबूनही दिसत होती.

प्रश्न डोक्यातून जात नाहीये.

इकायनोकॉकस हा पट्टकृमी, म्हणजे पट्टीसारखा चपटा जंत, लांडग्या-कुत्र्यांच्या आतड्यात राहतो. लांबी जेमतेम काही मिलिमीटर, आणि त्यांना त्याचा फारसा त्रासही होत नाही. पण त्याची अंडी विष्ठेतून गवतावर येतात, मेंढीच्या पोटात जातात आणि तिच्या यकृतात, फुप्फुसात पाण्याने भरलेल्या गाठी धरतात. माणसालाही त्या होतात, कधीकधी वर्षानुवर्षं कळतही नाहीत.

तीच गाठ कुत्र्याने किंवा लांडग्याने कच्ची खाल्ली की चक्र पुन्हा सुरू.

लांडग्याला दोष देणं मला पटत नाही. मेंढरू कापल्यावर गाठी असलेलं फुप्फुस कुत्र्यापुढे आपणच टाकतो. लांडग्याला गोळी देता येत नाही, पण कुत्र्याला प्राझिक्वांटेल हे जंताचं औषध नक्कीच देता येतं. मामांच्या कुत्र्यांना ते कधीच मिळालेलं नाही.

तुमच्याकडे कापलेल्या जनावराचं यकृत-फुप्फुस खराब निघालं तर कुठे टाकतात?